वजनासाठीची आठवडी इंजेक्शनं आणि पुरुष : डोस, पेन, उन्हाळा, जेवण (माहितीचा धागा)

धरमपेठकर (धागाकर्ता)

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपॅटाइड, दोन्ही मुळात टाइप २ डायबेटिसची औषधं. आता वजनासाठीही घेतली जातात. "कोणतं घ्यावं, कुठे मिळेल" हे प्रश्न इथे वारंवार येतात आणि उत्तरं पाच धाग्यांत विखुरली आहेत. म्हणून हा एकच धागा. पुरुषांपुरता ठेवला आहे, कारण काही गोष्टी आपल्याकडे वेगळ्या पडतात. अनुभवकथन नको. डोस, साठवण, इतर गोळ्यांशी मेळ, काय बिघडतं आणि का, एवढंच लिहा.

सुरुवात मी करतो. टिर्झेपॅटाइड (माउंजारो) भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, डायबेटिस आणि वजन दोन्हींसाठी. वेगोव्ही (सेमाग्लुटाइड) जून २०२५ मध्ये आलं, ते वजनासाठी. ओझेम्पिकमध्ये औषध तेच, सेमाग्लुटाइड, पण ते डायबेटिससाठी. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचं होतं. त्यामुळे आता एकाच औषधाची अनेक नावं समोर येतील. चिठ्ठीवर आणि खोक्यावर औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम वाचायची सवय आत्ताच लावा.

कोणासाठी? वजनासाठीचा नियम बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, त्याचा आकडा) ३० किंवा त्याहून जास्त, किंवा किमान २७ आणि सोबत बीपी, डायबेटिस, कोलेस्टेरॉल, झोपेत श्वास अडकणं यांपैकी काही. उंची १७० सेंमी असेल तर २७ म्हणजे ७८ किलो आणि ३० म्हणजे जवळपास ८७ किलो. आपल्या लोकांसाठी लठ्ठपणाची रेषा २५ लाच धरतात आणि पुरुषाची कंबर ९० सेंमीच्या आत हवी असं मानतात, पण या औषधांच्या मंजुरीतले आकडे २७ आणि ३० हेच आहेत. कंबर मोजताना पँटच्या पट्ट्यावर टेप लावू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. पोट पट्ट्याच्या वर सुटलेलं असलं की पँटचा नंबर खरी कंबर सांगतच नाही.

मानेवाडा४०

पुरुषांना कमी गुण येतो म्हणतात, ते खरं आहे काय?

फिजिशियन_धंतोली

टक्क्यांत पाहिलं तर हो. सरासरीने बायकांचं वजन जास्त उतरतं. त्याचं एक कारण असं की डोस सगळ्यांना सारखा असतो आणि शंभर किलोच्या पुरुषात तेच औषध मोठ्या शरीरात वाटलं जातं. शिवाय जे सरासरी आकडे सगळे सांगतात ते ज्या अभ्यासांतून आले, त्यांत बायका जास्त होत्या. सेमाग्लुटाइड २.४ मिग्रॅच्या २०२१ च्या अभ्यासात ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, पण त्यातले जवळपास तीन चतुर्थांश लोक म्हणजे बायका. टिर्झेपॅटाइडच्या २०२२ च्या अभ्यासात ७२ आठवड्यांत ५ मिग्रॅला १५ आणि १५ मिग्रॅला २०.९ टक्के, तिथेही दोन तृतीयांश बायकाच. तेव्हा पुरुषाने हे आकडे आपल्यासाठी थोडे खाली धरूनच चालावं.

मात्र फक्त वजनकाट्याकडे पाहू नका. २०२३ चा सिलेक्ट अभ्यास १७,६०४ लोकांचा होता आणि त्यात ७२ टक्के पुरुष होते. सगळ्यांना हृदयविकार किंवा रक्तवाहिन्यांचा आजार आधीपासून होता, डायबेटिस नव्हता. सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांत हार्ट अटॅक, लकवा आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून २० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीतल्या, अँजिओप्लास्टी झालेल्या माणसासाठी ही गोष्ट सहा किलो कमी की आठ किलो कमी यापेक्षा फार मोठी आहे.

मानेवाडा४०

मग गुण कमी येत असेल तर चार आठवडे न थांबता डोस लवकर वाढवला तर?

फिजिशियन_धंतोली

सगळ्यात जास्त बिघाड इथेच होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

वजनासाठी सेमाग्लुटाइडच्या पायऱ्या ०.२५, ०.५, १, १.७ आणि २.४ मिग्रॅ, प्रत्येक पायरी चार आठवडे. टिर्झेपॅटाइड २.५ पासून सुरू, मग ५, ७.५, १०, १२.५, १५, इथेही प्रत्येक पायरीला किमान चार आठवडे. पहिली पायरी वजन उतरवण्यासाठी नसतेच. ती फक्त पोटाला सवय लागावी म्हणून असते. त्या महिन्यात काटा हलला नाही तर औषध लागू पडत नाही असा अर्थ काढू नका.

सेमाग्लुटाइड शरीरातून अर्धं उतरायला जवळपास आठवडा लागतो, टिर्झेपॅटाइडला पाच दिवस. म्हणजे मागच्या आठवड्याचं शिल्लक असतानाच पुढचं पडतं आणि पातळी चढत जाते. एका डोसची पूर्ण पातळी बनायला चार ते पाच आठवडे लागतात. दुसऱ्याच आठवड्यात तुम्ही पुढच्या पायरीवर गेलात तर आधीच्या डोसचा जोर पूर्ण दिसायच्या आधीच वर नवा थर चढतो. मग उलट्या सुरू होतात, आणि आठवडाभर टिकणारं औषध असल्यामुळे ते काढूनही घेता येत नाही. सलाईन लावून दिवस काढावे लागतात.

उलट, कमी डोसवर भूक आवरली आहे आणि वजन हळूहळू उतरतं आहे तर तिथेच थांबायला काहीच हरकत नाही. १५ मिग्रॅ ही कमाल आहे, तिथे पोचलंच पाहिजे असं नाही.

रेशीमबाग_फार्मासिस्ट

डोस चुकला तर : सेमाग्लुटाइड पाच दिवसांच्या आत आठवलं तर घ्या, टिर्झेपॅटाइड चार दिवसांच्या आत. त्यानंतर सोडून द्या, पुढचा ठरलेल्या वारी. दोन डोस एकदम कधीच नाही. वार बदलायचा असेल तर दोन इंजेक्शनांत सेमाग्लुटाइडला किमान दोन दिवस आणि टिर्झेपॅटाइडला तीन दिवस जाऊ द्या. दोन-तीन आठवडे सलग चुकले असतील तर जुन्याच डोसवर उडी मारू नका. डॉक्टरांना विचारा, बहुतेक वेळा खालून सुरू करावं लागतं.

आता पेन. माउंजारोच्या क्विकपेनमध्ये चार आठवड्यांचे चार डोस असतात, प्रत्येकी ०.६ मिली. प्रत्येक वेळी नवी सुई लावायची आणि प्रत्येक वेळी हवा काढायची : दोन क्लिक ऐकू येईपर्यंत नॉब फिरवा, पेन उभं धरून टिचकी मारा, दाबा, टोकाला थेंब दिसला पाहिजे. मग खिडकीत १ येईपर्यंत फिरवा, टोचा, दाबून धरा आणि सावकाश पाचपर्यंत मोजा. ओझेम्पिकच्या पेनमध्ये ही तपासणी फक्त नवीन पेन उघडताना असते, आणि टोचल्यावर आकडा शून्यावर आला की सहापर्यंत मोजायचं. एका पेनची सवय दुसऱ्याला लावली की एक तर औषध वाया जातं, नाही तर हवा टोचली जाते.

सुई लगेच बाहेर ओढली तर कातडीवर थेंब राहतो. तो थेंब म्हणजे न गेलेला डोस. त्याची भरपाई म्हणून पुन्हा टोचू नका.

सुई काढूनच पेन ठेवा. लावलेली ठेवली तर गळतं, आत हवा शिरते आणि पुढचा डोस कमी भरतो. ३२ गेज, ४ मिमीची सुई पुरते, पोट कितीही सुटलेलं असो. जागा पोट किंवा मांडी, बेंबीपासून दोन इंच दूर, दर आठवड्याला बदलून. दंडावर घ्यायचं तर दुसऱ्याने टोचावं.

चौथ्या डोसनंतर पेनमध्ये थोडं औषध उरलेलं दिसतं. ते सिरिंजने ओढून पाचवा डोस करायचा सल्ला व्हिडिओंमधून फिरून राहिला आहे. करू नका. ते हवा काढण्यासाठी दिलेलं जास्तीचं औषध आहे, त्यात पूर्ण डोस भरेलच असं नाही, आणि पहिल्या वापरानंतर ३० दिवसांनी ते पेन टाकायचंच असतं.

हिंगणा_एमआयडीसी

माउंजारोची कुपी पेनपेक्षा परवडते. मार्च २०२५ मध्ये २.५ ची ३,५०० आणि ५ ची ४,३७५ रुपयांना आली होती. इन्सुलिनच्या सिरिंजने घ्यायची तर किती युनिट भरायचं?

रेशीमबाग_फार्मासिस्ट

भाऊ, युनिटमध्ये विचारूच नका, मिलीमध्ये विचारा. कारण पाहा.

कुपी २.५ ची असो की ५ ची, आत भरायचं औषध ०.५ मिलीच. म्हणजे "५० युनिट घेतलं" यावरून २.५ मिग्रॅ गेलं की ५, हे कोणालाच कळत नाही. दुसरं, आपल्याकडे दोन जातीच्या इन्सुलिन सिरिंज विकल्या जातात. लाल टोपणाची ४० वाली आणि केशरी टोपणाची १०० वाली, म्हणजे एका मिलीला तितके युनिट. ०.५ मिली म्हणजे केशरीवर ५० ची रेघ, पण लालवर २० ची. कोणी सांगितलं "२५ घे" आणि हातात लाल सिरिंज असली तर अडीच पट औषध जातं. घरात वडिलांचं इन्सुलिन असेल आणि त्यांच्याच सिरिंज वापरायच्या असतील तर टोपणाचा रंग आधी पाहा.

तिसरं, ५ ची कुपी आणून अर्धी-अर्धी दोनदा घेऊन राहिले काही जण. या कुपीत जंतू वाढू नयेत म्हणून घालतात ते द्रव्य नाही. एकदा सुई शिरली की उरलेलं फेकायचं.

आणि नव्या कंपन्यांच्या पेन-कुप्यांत एका मिलीमागे किती मिलिग्रॅम आहे ते सारखं असेलच असं धरू नका. कंपनी बदलली की आतला कागद पुन्हा वाचायचा.

सदर_निवासी

साठवणीबद्दल. ही औषधं २ ते ८ अंशांत ठेवायची. क्विकपेन ३० अंशांखाली ३० दिवस बाहेर चालतं, कुपी २१ दिवस, ओझेम्पिक उघडल्यावर काही आठवडे, वेगोव्ही सहा आठवडे. हे सगळे कागदावरचे आकडे "३० अंशांखाली" या अटीवर उभे आहेत. आपल्या नागपुरात एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत कूलर लावलेली खोलीसुद्धा ३० च्या खाली राहील याची खात्री नसते, आणि बाहेर ४५. म्हणून उन्हाळ्यात "फ्रिजबाहेर चालतं" हे वाक्य नागपूरकराने विसरून जावं. उघडलेलं पेनही फ्रिजमध्येच.

फ्रिजमध्ये जागा : मधला कप्पा, मागच्या भिंतीपासून दूर. एका दाराच्या जुन्या फ्रिजमध्ये बर्फाच्या खणाखालच्या ट्रेमध्ये ठेवाल तर गोठेल. एकदा गोठलेलं औषध वितळून पारदर्शक दिसलं तरी टाकूनच द्यायचं. लाइट गेली तर फ्रिज उघडू नका, बंद फ्रिज चारेक तास थंडी धरतो. टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढलं तर थंड औषधाची आग होत नाही.

दुकानातून आणताना आइस पॅक मागा, पण पॅक आणि खोका यांच्यामध्ये टॉवेल हवा. नाही तर तिथेच गोठतं. दुपारी गाडीच्या डिक्कीत ठेवून बर्डीच्या बाजारात दोन कामं उरकत बसू नका. प्रवासाला पाण्यात भिजवायचे इन्सुलिन पाऊच मिळतात. आपल्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत ते छान काम करतात. पावसाळ्याच्या दमट हवेत पाणी उडत नाही म्हणून त्यांचा भरवसा नाही.

फिजिशियन_धंतोली

उन्हाळ्यावरून महत्त्वाचं. या औषधांनी खाणं कमी होतं, बऱ्याच जणांचं पाणी पिणंही कमी होतं. त्यात उलटी किंवा जुलाब, त्यात ४५ अंश. मूत्रपिंडावर ताण येतो तो असा. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध (हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन) असेल तर दुप्पट जपा. वजन उतरलं की बीपीही उतरतं. उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर उभ्याने बीपी मोजा आणि डोस कमी करायचा का ते विचारा. जुनी गोळी आहे तशी सुरू ठेवल्याने भोवळ येते आणि दोष इंजेक्शनला लागतो.

डायबेटिसच्या गोळ्यांचं असं. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन सोबत असेल तर साखर एकदम खाली जाऊ शकते, त्यांचा डोस सुरुवातीलाच कमी करून घ्यावा लागतो. व्हिल्डाग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन : ही बंद व्हायला हवीत, कारण दोन्ही औषधं एकाच रस्त्याने काम करतात आणि सोबत घेऊन जास्तीचा फायदा नाही. ती बहुधा मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत असतात म्हणून लक्षातच येत नाही. गोळीच्या पाकिटामागची नावं वाचा. डॅपाग्लिफ्लोझिन असेल तर उलट्या-जुलाबाच्या दिवसांत ती थांबवायची का, हे आधीच विचारून ठेवा. खाणं बंद आणि ती गोळी सुरू, यात साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं.

सुरू करण्याआधी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (किडनी), लिव्हर, लिपिड (कोलेस्टेरॉल), आणि डायबेटिस असेल तर डोळ्याच्या पडद्याची तपासणी. साखर झपाट्याने उतरली तर आधीपासून खराब असलेला पडदा बिघडू शकतो. स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कोणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर (थायरॉइडचा एक दुर्मिळ कॅन्सर) झाला असेल तर हे औषध नाही. स्वादुपिंडाला आधी सूज येऊन गेली असेल तर डॉक्टरांना ते स्वतःहून सांगा.

विदर्भ_आहार

पुरुषांच्या दृष्टीने मला सगळ्यात काळजीची वाटते ती स्नायूंची गोष्ट. उतरलेल्या वजनातला पंचवीस ते चाळीस टक्के भाग चरबी सोडून इतर वस्तुमानाचा असू शकतो. त्यात स्नायू आले. भूक नाही म्हणून चहा-बिस्किट आणि एक पोळी खाऊन वजन उतरवलं तर पोटाबरोबर मांड्या आणि खांदेही जातात.

प्रोटीन दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम, आणि किलो आजचे नाही, जे गाठायचे ते धरा. ७५ किलो धरले तर दिवसाला ९० ते ११० ग्रॅम. किडनीचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टर ठरवतील. आपल्या स्वयंपाकघरात ते असं बसतं : तीन अंडी १८, कोरडी सोयाबीन वडी ५० ग्रॅम म्हणजे २५, पनीर १०० ग्रॅम म्हणजे १८, दोन वाट्या घट्ट वरण १२ ते १४, फुटाणे ५० ग्रॅम म्हणजे १०, दही २०० ग्रॅम म्हणजे ६ ते ७. बेरीज नव्वदच्या आसपास. ताटात आधी हे खा, भात-पोळी नंतर. पोट लवकर भरतं, आणि जे आधी खाल्लं तेच पोटात जातं.

औषधामुळे जठर हळू रिकामं होतं. तेलकट तर आणखीच रेंगाळतं. म्हणून इंजेक्शनच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत तर्री पोहे, सावजी रस्सा, पाटवडीचा तवंग असलेला रस्सा टाळा. सावजी कायमची सोडा असं मी म्हणत नाही. आठवड्याच्या शेवटी, अर्धी वाटी, तवंग बाजूला करून. वडाभातावर तेलाची धार मात्र नकोच.

बद्धकोष्ठासाठी इसबगोल एक ते दोन चमचे, पण पूर्ण ग्लासभर पाण्यासोबत, वर आणखी एक ग्लास. कमी पाण्यात घेतलं तर ते आतच दाटून बसतं. अंबाडीची भाजी, भिजवलेल्या मनुका, रोजचं चालणं, हे त्याला पूरक.

आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजनाचा व्यायाम. अंबाझरीला किंवा फुटाळ्यावर चक्कर मारणं चांगलंच, पण चालण्याने खांदे आणि छाती टिकत नाही. जिम नसेल तर खुर्चीवरून हात न टेकवता उठणं-बसणं, भिंतीवर दंड, पाण्याच्या भरलेल्या डब्या उचलणं. १० ते १२ वेळा, तीन फेऱ्या, शेवटचे दोन जड गेले पाहिजेत.

नंदनवन_जिम

जिममध्ये काही ठिकाणी पावडरच्या कुप्या मिळतात, पाणी मिसळून घ्यायच्या. "रिसर्च पेप्टाइड" म्हणून. रेटाट्रुटाइड (याच जातीचं नवं औषध) सुद्धा विकून राहिले. त्यावर कोणी लिहा.

रेशीमबाग_फार्मासिस्ट

त्या पावडरच्या कुपीत काय आहे, किती आहे, निर्जंतुक आहे की नाही, याची जबाबदारी कोणावरच नाही. बॅच नंबर नाही, परवाना नाही, बिल नाही. युरोपात २०२३ मध्ये सापडलेल्या काही बनावट ओझेम्पिक पेनांत इन्सुलिन असल्याचा संशय होता, लोक साखर कोसळून दवाखान्यात गेले. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही बनावट सेमाग्लुटाइडबद्दल इशारा दिला. घेताना पक्कं बिल घ्या, बिलावरचा बॅच नंबर खोक्याशी आणि खोक्यावरचा पेनशी जुळवा, आणि दुकानदाराने खोका फ्रिजमधून काढला की काउंटरखालून, ते पाहा. चिठ्ठीशिवाय देतो म्हणणाऱ्या दुकानात दुसरं काय-काय नियमाबाहेर चालत असेल, याचा विचार करा.

फिजिशियन_धंतोली

याला जोडूनच : वजन उतरताना थकवा आला म्हणून जिममधून टेस्टोस्टेरॉन टोचून घेऊ नका. जाड पुरुषांत ते कमी असतं हे खरं, पण वजन उतरलं की बऱ्याच जणांत आपोआप वाढतं. बाहेरून घेतलं तर शरीराचं स्वतःचं उत्पादन बंद पडतं, शुक्राणू घटतात. मूल हवं असलेल्या जोडप्यात हे फार महागात पडतं. सकाळी उपाशीपोटी तपासणी, दोनदा, आणि वजन स्थिरावल्यावर.

कधी थेट दवाखाना गाठायचा : पोटाच्या वरच्या भागात जोराची कळ, पाठीत जाणारी, उलट्यांसह, न थांबणारी (स्वादुपिंड). उजव्या बरगडीखाली कळ आणि ताप किंवा डोळे पिवळे (पित्ताशय, झपाट्याने वजन उतरलं की खडे होतात). एका डोळ्याची नजर अचानक जाणं. दिवसभर लघवी नाही किंवा अगदी गडद. असं झालं तर रात्री ॲसिडिटीची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका. नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांची कॅज्युअल्टी रात्रभर उघडी असते.

हिंगणा_एमआयडीसी

बंद केल्यावर वजन परत येतं काय?

फिजिशियन_धंतोली

बहुतेकांचं येतं. सेमाग्लुटाइड थांबवून वर्षभर पाहिलं तेव्हा उतरलेल्या वजनातलं सरासरी दोन तृतीयांश परत आलं होतं. बीपीची गोळी सोडली की बीपी वाढतं तसंच हे. म्हणून "लग्नापर्यंत तीन महिने" या हिशेबाने सुरू करू नका. वर्ष-दीड वर्षाचा खर्च झेपतो का ते आधी पाहा. थांबवायचं ठरलं तर त्या काळात दर आठवड्याला वजन लिहून ठेवा आणि तीन किलो परत आले की डॉक्टरांकडे जा, दहा होईपर्यंत थांबू नका.

सदर_निवासी

एंडोस्कोपी किंवा ऑपरेशन असेल तर?

फिजिशियन_धंतोली

भूल देणाऱ्या डॉक्टरांना शेवटचं इंजेक्शन कोणत्या वारी घेतलं आणि किती मिग्रॅ, हे आधीच्या भेटीतच सांगा, टेबलावर नाही. रात्रभर उपाशी असूनही जठरात अन्न राहिलेलं असू शकतं आणि भुलीत ते फुप्फुसात जाऊ शकतं. एक डोस पुढे ढकलायचा की आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ घ्यायचे, ते तेच ठरवतील. दातांच्या साध्या भुलीला काही अडचण नाही.

रेशीमबाग_फार्मासिस्ट

वापरलेल्या सुयांचं राहिलं. टोपण परत लावताना बोट टोचतं, म्हणून सुई सरळ जाड प्लास्टिकच्या बरणीत टाका. फिनाइलची रिकामी बाटली चालते, पातळ पाण्याची बाटली नाही, त्यातून सुई आरपार येते. बरणी तीन चतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून जवळच्या दवाखान्यात किंवा पॅथॉलॉजी लॅबमध्ये विचारून द्या. त्यांच्याकडे जैववैद्यकीय कचरा उचलणारी गाडी येते. घरच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात सुटी सुई टाकली तर ती कचरागाडीवरच्या माणसाच्या हातात घुसते.